सी-नानांची निळी बाटली

नाना पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी माझ्या लिंबाच्या सरबतात निळं पाणी टाकलं.

धुळ्यात देवपूरला आम्ही नवीन घर घेतलं होतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सत्यनारायण घातला होता. उन्हाचे दिवस, म्हणून चहाऐवजी सरबत. शेजारच्या घरातले एक सडसडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढच्या खुर्चीत बसून सरबत प्यायले, ग्लासात तळाशी चमचाभर ठेवलं, ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून ड्रॉपरची एक छोटी बाटली काढून त्यातला गडद निळा थेंब त्या ग्लासात सोडला. मी प्रसादाचं पातेलं हातात घेऊन तिथेच उभी राहिले. निळा रंग सरबतात पडल्या पडल्या नाहीसा झाला. त्यांनी दुसरा थेंब टाकला, तोही गेला. असे नऊ थेंब गेले. दहावा मात्र निळा तो निळाच राहिला, तेव्हा ते माझ्याकडे बघून प्रसन्न हसले.

"अभिनंदन, बाई. खरं लिंबू शे. नऊ थेंब पचवले!"

"आणि खोटं निघालं असतं तर?"

"तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "भटजींच्या समोर सांगितलं असतं."

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवते आहे. पोरं मला माझ्या माघारी 'फोडणी' म्हणतात आणि ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी घरात पूजा होती म्हणून मी ओठ आवळून पुढे गेले. स्वयंपाकघरात एक ठेंगणी, गोरीपान बाई माझ्या ओट्याशी उभी राहून शिऱ्याचं पातेलं खरवडत होती. "मनावर घेऊ नको माय," ती म्हणाली, "माझ्या लग्नात हे बाटली आणायचे राहिले, एवढंच माझं नशीब." त्या सिंधूअक्का. नानांच्या सौभाग्यवती.

नानांचं खरं नाव कॉलनीत कुणाला आठवत नाही. सगळे त्यांना सी-नाना म्हणतात. सी म्हणजे जीवनसत्त्व क. नाना धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं असिस्टंट होते. ब्युरेट धुवायच्या, द्रावणं तयार ठेवायची, पोरांनी फोडलेल्या नळ्यांच्या काचा वेचायच्या. बी.एस्सी.च्या मुलांना लिंबातलं सी मोजायचा प्रयोग असायचा. बाकीचे प्रयोग नानांनी नोकरी म्हणून पाहिले, पण या एकावर त्यांचा जीव जडला. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे शेती बघतात, नाहीतर देवदेव करतात. नानांनी तो एक प्रयोग सोबत घरी आणला.

बाटलीतलं औषध साधं होतं. मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब आणि भाताची पेज. दोन्ही मिळालं की पाणी निळंशार होतं. ज्या पदार्थात सी असेल तो हा निळा रंग गिळून टाकतो. जितकं सी जास्त, तितके थेंब जास्त पचवतो. पेज अक्कांच्या भाताचीच लागायची. दर सोमवारी अक्का वरची पेज वाटीत काढून नानांच्या हाताशी ठेवायच्या, तोंडाने पुटपुटत, "घ्या तुमची सवत."  नाना थेंब मोजत असायचे.

या बाटलीने कॉलनीत काय काय गोंधळ घातले, विचारू नका. कोपऱ्यावर एक सरबताची गाडी लागायची, वर 'ताज्या संत्र्याचा रस' अशी पाटी. नानांनी एक थेंब टाकला. निळाच राहिला. गाडीवाला म्हणाला, "नाना, असं काय करता, गिऱ्हाईक उभं आहे." नाना म्हणाले, "म्हणूनच." दुसऱ्या दिवशीपासून त्या पाटीवरचा 'ताज्या' हा शब्द गेला, आणि आठवड्याने 'संत्र्याचा'ही गेला. नुसता 'रस' राहिला.

थंडीत आमच्याकडे भरताच्या पार्ट्या होतात. शेतात काड्यांवर वांगी भाजायची, मिरच्या-लसूण ठेचून लाकडाच्या बडगीत कांडायचं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तिथे माणसं पोटभर जेवून बांधावर आडवी होतात, आणि नाना खिशात लिंबं भरून पानापानाशी फिरतात. "जाळावर गेलं की बठ्ठं उडी गयं! वरून पिळा. खाली उतरवल्यावर पिळा. कच्ची मिरची चावा, तिच्यात लिंबापेक्षा जास्त शे." 'बठ्ठं उडी गयं' हा नानांचा निकाल. सगळं उडून गेलं. शेवभाजी पाहिली की बठ्ठं उडी गयं, तासभर उकळलेली डाळ पाहिली की बठ्ठं उडी गयं. एकदा आमच्या ह्यांच्या टकलाकडे बघून म्हणाले, तेव्हा मात्र मी सुद्धा हसले.

ह्यांच्या हिरड्यांतून रक्त यायचं. नानांनी दारातूनच बघितलं. "दादा, ब्रश बदलून काही होणार नाही. दातांच्या डॉक्टरला दाखवा, आणि रोज एक पेरू खा. अंगातलं मांस, कातडी, हिरड्या, हे सगळं एका खळीने चिकटलेलं असतं. ती खळ सी शिवाय बनत नाही. जखम सुद्धा त्याच खळीने भरते." मग आवाज खाली आणून, जणू घरातली गोष्ट सांगतायत असं म्हणाले, "शेळी आपलं सी आपण बनवते, ठाऊक शे का? मांजर बनवते. उंदीर बनवतो. माणसाला येत नाही! आणि साठवताही येत नाही. आज खाल्लं ते आजचं. उद्याचं उद्या परत खायचं."

माझं रक्त कमी भरलं होतं. मी लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायची. हे नानांना कळलं तेव्हा ते असे बघायला लागले, जणू मी पोराला उपाशी ठेवलंय. "चहा लोहाला अंगात शिरू देत नाही, बाई. लिंबूपाण्याबरोबर घ्या, सी त्याला हाताला धरून आत नेतं." मी घेतलं. तीन महिन्यांनी रक्त भरलं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, माणूस डोक्यावर बसेल.

पण एक सांगते, नाना भोंदू नव्हते. कुणी म्हणालं, "नाना, सी खाल्लं की सर्दी होत नाही ना?" तर फाडकन उत्तर यायचं, "होते. मलाही होते. झाली तर एखादा दिवस लवकर आटपेल, तेवढंच." आणि गोळ्यांचा तर त्यांना भारी तिटकारा. मेडिकलमध्ये त्या नारिंगी, चघळायच्या गोळ्या मिळतात ना, त्या कुणाच्या हातात दिसल्या की म्हणायचे, "डॉक्टरने दिली असेल तर ठीक. नाहीतर गोळी म्हणजे कॉपी!"

कॉपी हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेत एका बड्या माणसाच्या मुलाने आकडा मनाने ठोकून दिला. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवत होते. नाना मागे बाटल्या पुसत होते, ते तिथून म्हणाले, "सर, हे रीडिंग या ब्युरेटमधून येऊच शकत नाही. तिची तोटी सकाळपासून जाम शे." नानांची बढती दोन वर्षं लांबली म्हणतात. त्यांच्याकडे एक जाड वही आहे, तिच्यात ते सगळी रीडिंगं लिहितात: कुठला पदार्थ, किती थेंब. माझं सरबतही तिच्यात आहे. त्या वहीचा नियम लॅबचाच. "खोडायचं नाही. फाडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही करायची."

तर असा हा माणूस. आणि याच माणसाच्या घरात अक्कांचा मोरंबा.

अक्कांचा आवळ्याचा मोरंबा म्हणजे तीन दिवसांचं काम. आवळे टोचायचे, तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, वाफवायचे, मग खडीसाखरेच्या पाकात मंद आचेवर शिजवत बसायचं. अक्कांना इतर कशाची हौस नव्हती. पण मार्गशीर्षात त्यांचे यावलचे भाऊ मोरंबा न्यायला यायचे, तो त्यांचा सण. धाकटे भाऊ आबा, केळीचे मोठे बागाईतदार. आबांचं आणि नानांचं आधीच जरा वाकडं होतं, कारण नानांनी एका उन्हाळ्यात आबांच्याच बागेत, पंधरा मजुरांच्या देखत, केळीवर थेंब टाकून "यात सी नावालाच शे" असं जाहीर केलं होतं.

गेल्या मार्गशीर्षात आबा आले. मीही तिथेच होते, माझी वाटी माझ्या हातात होती. आबांनी पहिला आवळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अक्का, तुन्हा हातना मोरंबा खादा का वरीसभर सर्दी नही व्हस!"

अक्कांचा चेहरा असा खुलला. नानांचा हात खिशाकडे गेला.

"नाना, नको," मी म्हटलं. खरंच म्हटलं होतं, हळू का होईना. पण नानांनी आबांच्या वाटीतला चमचाभर पाक बशीत घेतला होता. एक थेंब. सगळे बघत होते. निळा थेंब निळाच राहिला. बशी हलवली, तरी निळाच.

"शून्य," नाना म्हणाले. "तीन तास आचेवर. बठ्ठं उडी गयं."

आणि टेबलावरची वही ओढून त्यांनी तिथेच लिहिलं सुद्धा.

 आबांनी वाटी खाली ठेवली. अक्का उठल्या, आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मोरंब्याची मोठी बरणी. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकून त्या वळल्या. "ती बाटली रिकामी व्हत नही, तोवर मी या घरमा पाय ठेवनार नही," त्या म्हणाल्या आणि आबांच्या गाडीत जाऊन बसल्या.

नानांना वाटलं, दोन दिवसांत येतील. आठ दिवस झाले. पंधरा झाले. नाना बाहेरून ताठच. "सत्य कडू असतं, बाई," असं मला कुंपणावरून सांगायचे. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे, म्हणजे काय तर काकडी, पेरू, मोड आलेले मूग, सगळं कच्चं. "उत्तम चाललंय. एक थेंबही वाया जात नाही." सोमवार आले तशी पेजेची पंचाईत झाली. नानांच्या भाताची पेज निघायचीच नाही. कधी तळ लागायचा, कधी लगदा व्हायचा. तो लगदा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी शर्टाला खळ केली, तर शर्ट दोरीवरून काढल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला. बाटलीत अक्कांच्या हातच्या पेजेचं शेवटचं निळं पाणी होतं, ते त्यांनी फ्रीजमध्ये जपून ठेवलं आणि त्यातला एकही थेंब ते कुणावर खर्च करेनात.

एका सकाळी ते माझ्या दारात आले. हातात वाटी.

"बाई, एक विचारायचं होतं. एकट्या माणसाला भात किती टाकायचा?" आणि घाईने म्हणाले, "पेजेसाठी विचारतोय. पेजेसाठी."

मी शाळेत जायच्या घाईत होते, डोक्यात पाढे आणि पोषण आहार. पण ते ऐकलं आणि माझं पित्तच खवळलं. "किती टाकायचा ते सांगते," मी म्हटलं. "एकट्या माणसाने भात टाकायचाच नाही. त्याने एस.टी.त बसायचं, यावलला जायचं आणि बायकोची माफी मागायची. निवृत्त झाल्यापासून दर सोमवारी त्या तुमच्या बाटलीसाठी पेज काढतायत, आणि तुम्ही त्यांच्या माहेरच्या माणसांसमोर शून्य म्हणता? माझ्या वर्गातल्या पोरालासुद्धा मी चारचौघांत शून्य देत नाही!"

नाना वाटीकडे बघत उभे राहिले. "मी काय खोटा आकडा सांगू, बाई? चौतीस वर्षं सांगितला नाही."

"मग बसा सत्य चावत," मी म्हटलं आणि दार लावलं. लावल्यावर वाईट वाटलं, पण लावलं.

संध्याकाळी कुंपणावर परत नाना. दाढी केलेली. "एका रीडिंगवर निकाल देत नाहीत," ते म्हणाले. "तीनदा करावं लागतं. मी एकदाच केलं, ते नियमात बसत नाही. रविवारी यावलला जाऊन प्रयोग परत करतो. तुम्ही चला. एकट्याला ती दार उघडणार नाही."

मी अक्कांना फोन करून सांगितलं की रविवारी येतोय, नानांना मोरंबा परत तपासायचा आहे.  मग अक्का म्हणाल्या, "येऊ दे."

आता बघा, किती साधी गोष्ट होती. मोरंब्याने थेंब पचवत बाटली संपवली तर अक्का परत येणार. नाही पचवले, तर नाना खोटं बोलणार नाहीत आणि अक्का शब्द मोडणार नाहीत. सत्तरीला टेकलेली दोन माणसं, एक देवपूरला कच्चे मूग चावत आणि दुसरी यावलला भावाच्या ओसरीत. धुळ्याहून जळगावपर्यंत गाडीत मला दुसरं काही सुचत नव्हतं. नाना खिडकीशी, बाटली रुमालात गुंडाळून मांडीवर.

जळगावला गाडी बदलायची होती. नाना "आलोच" म्हणून स्टँडबाहेर गेले. मी बोरं घ्यायला म्हणून मागून गेले, तर हे मेडिकलच्या काउंटरवर उभे. मला वाटलं, बीपी वाढलं की काय. पुढे होणार, एवढ्यात त्यांनी कागदाची पुडी खिशात टाकताना आतली पट्टी मला दिसली. नारिंगी गोळ्या. चघळायच्या. मी बोरांच्या गाडीमागे सरकले आणि काही पाहिलं नाही असं तोंड करून गाडीत जाऊन बसले.

यावलला आबांनी दारातच स्वागत केलं. "या नाना. केळी तपासाले उनात का?" मागच्यासारखी केळी तपासायला आलात का, हा त्यांचा टोमणा. अक्का आतून पाणी घेऊन आल्या. चहा नाही, नुसतं पाणी. वाळल्या होत्या जरा. नानांकडे बघितलं नाही, पण त्यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघितलं. ती तेव्हाही खळीने ताठ होती.

"एकदा परत करतो," नाना म्हणाले. "मागच्या वेळी नुसता पाक घेतला होता. आवळा घेतला नव्हता."

अक्कांनी बरणी आणून समोर ठेवली. आबा, त्यांची मंडळी, सुना, शेजारचे दोघे, सगळे गोळा झाले. नानांनी वाटीत एक आवळा घेतला, चमच्याने चेचला. "जरा पाणी घालावं लागेल," म्हणून उठले आणि ओसरीच्या कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. सगळ्यांकडे पाठ. मी मात्र माठाच्या बाजूलाच बसले होते. त्यांचा डावा हात खिशात गेला, बाहेर आला, वाटीवर मूठ आवळली गेली आणि नारिंगी चुरा पाण्यात पडला.  चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉप्या पकडलेला माणूस. त्याला स्वतःला कॉपी करायची सवयच नव्हती. बोटांना नारिंगी रंग लागला तो त्यांनी धोतराला पुसला. एरवी पँट घालतात, पण त्या दिवशी सासुरवाडी म्हणून धोतर होतं. माझ्या नजरेला नजर मिळाली तेव्हा त्यांचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला. मी बोर तोंडात टाकलं आणि छताकडे बघायला लागले.

पहिला थेंब. गेला. दुसरा. गेला. आबा मोजू लागले, "तीन, चार, पाच..." दहा झाले. पंधरा झाले. आता सुनाही मोजत होत्या, पोरंही मोजत होती. पंचवीस. माझ्या लिंबाने नऊ पचवले होते! नाना पिळत होते आणि वाटी गिळत होती. त्यांच्या कपाळाला घाम. चाळीसनंतर मोजणाऱ्यांचा आरडाओरडा इतका झाला की आकडे चुकले. मग ड्रॉपर नुसता हवा ओढायला लागला. नानांनी बाटली उलटी केली, तळावर टिचकी मारली. एक शेवटचा थेंब पडला आणि तोही नाहीसा झाला.

"अक्का," आबा ओरडले, "बाटली रिकामी!"

 नाना रिकामी बाटली हातात धरून अक्कांकडे बघत होते. अक्कांनी पदर खोचला, बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "मंग चला. चारनी गाडी शे."

परतीच्या गाडीत नाना पुढच्या बाकावर बसल्या बसल्या झोपले. मी आणि अक्का मागे, बरणी दोघींच्या मध्ये. मला माझं गुपित पोटात ठरेना. सांगावं की नाही, असं चाललं होतं. तेवढ्यात अक्काच माझ्या कानाशी लागल्या.

"कुसुम, कोणाले सांगू नको. तुन्हा फोन उना ना, तव्हय मी बरणीमा सहा लिंबू पिळी दिधात."

माझा फोन आल्याबरोबर यांनी मोरंब्यात सहा लिंबं पिळलेली! पुढचं त्या जे बोलल्या ते माझ्या मराठीत सांगते. त्या म्हणाल्या, हा माणूस खोटं बोलणार नाही. परत निळं राहिलं असतं तर परत शून्य म्हणाला असता आणि मला जन्मभर यावलला बसावं लागलं असतं. त्याला खोटं बोलता येत नाही म्हणून मलाच बोलावं लागलं. फोनवर तूच सांगितलं होतंस ना, शर्ट उभा राहतो म्हणून?  "दोन महिने झाले असते अजून, तर माणूस वाळून गेला असता," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मग मला हसू आवरेना, तर त्याही हसायला लागल्या. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. मी माझं गुपित गिळून टाकलं. दोघांनी एकमेकांसाठी केलेली कॉपी. एकीकडची दुसरीकडे सांगणं माझ्या नियमात बसत नाही.

पुढच्या सोमवारी मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते, तेव्हा आतून आवाज आला, "घ्या तुमची सवत." बाटली परत निळी झाली.

परवा मोरंब्याची छोटी बरणी घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. अक्का आत बरणी पुसत होत्या. नाना दाराबाहेर, भाजीवाल्याच्या टोमॅटोवर थेंब टाकत होते. टेबलावर वही पडली होती, आणि मास्तरीण कितीही झालं तरी मास्तरीण. वही दिसली की उघडते. मला बघायचं होतं, यावलचा तो चाळीसच्या वरचा आकडा नानांनी लिहिला कसा.

लिहिलाच नव्हता. त्या रविवारचं पान कोरं होतं. खोटं रीडिंग त्यांच्या हातून वहीत उतरलं नव्हतं.

मग मी मागे गेले, मार्गशीर्षाच्या त्या दिवसापर्यंत. 'आवळ्याचा मोरंबा (सिंधू): शून्य.' त्या शून्यावर एकच सरळ रेघ मारलेली होती, लॅबच्या नियमाप्रमाणे, खालचं नीट वाचता येईल अशी.  रेघेच्या बाजूला नानांचं ते बारीक, टोकदार अक्षर होतं आणि खाली सही.

'चूक प्रयोग करणाऱ्याची.'